हरलेल्याचं काम

सन २०१४, मार्गशीर्षाचा दुसरा आठवडा. सकाळचा गारठा अजून उतरला नव्हता.

“...मग चुकतंय कुठं, वस्ताद?”

मनोरुग्णालयाच्या व्यायामखोलीत मृणाल विचारत होती. आखडलेल्या अंगाला व्यायाम देण्याचं शास्त्र शिकून आलेली पोर. आपल्याला ते येतं, हेही तिला पुरतं ठाऊक होतं.

शिदू वस्ताद खिडकीशी बसले होते. गावची तालीम पंचेचाळीस वर्षं सांभाळलेला माणूस. रोज सकाळी येऊन इथल्या रुग्णांकडून बैठका काढून घ्यायचे.

समोर बाकावर केरबा. पूर्वी नदीवर नाव चालवायचा. आठ महिने झाले, बसवला की बसून राहायचा. बोलणं नाही, हलणं नाही. गुडघे आखडत चालले होते. शनिवारपर्यंत आपणहून उठला नाही, तर त्याला अंथरुणाला खिळलेल्यांच्या वॉर्डात हलवणार होते. तिथून चालत परतलेला माणूस मृणालनं पाहिला नव्हता.

“खेळ सोपा आहे हो,” ती म्हणाली. “टीव्हीसमोर आपण हललो की पडद्यातला माणूस तसाच हलतो. आंबे झेलायचे, दगड चुकवायचे. मी रोज यांच्यासमोर शंभर आंबे झेलून दाखवते.”

“कधी हरलीस?”

“एकदाही नाही.”

“हं...”

वस्ताद उठले. धोतराचा काचा मारला.

“लाव. मी आणि केरबा.”

आंबे डावीकडून आले, वस्ताद उजवीकडे. जिथं पंजा टाकावा तिथं दगडच. मृणालला हसू आवरेना.

“वस्ताद, तुमचे उणे सहा. केरबा हललेच नाहीत, त्यांचं शून्य.”

“म्हणजे तो जिंकला.”

“तसं म्हणायचं तर...”

“तसंच म्हणायचं. आमच्या तालमीत हरलेल्यानं जिंकलेल्याचे पाय रगडायचे.”

आणि शहात्तर वर्षांचा तो माणूस फरशीवर बसला. केरबाचा पाय मांडीवर घेऊन पोटरी रगडू लागला. एक झाला, मग दुसरा.

केरबानं पाय ओढून घेतला. वस्तादांनी परत मांडीवर घेतला.

“वस्ताद...” आठ महिन्यांनी आवाज फुटला, तोही घोगरा. “हे कुठं फेडू मी?”

“नियम सांगितला की तुला.”

केरबानं पडद्याकडं बघितलं. मग बाकाला धरून उठला. पाय लटपटत होते. मृणाल धावली, तर वस्तादांनी नुसता हात आडवा केला आणि स्वतः जाऊन बाकावर बसले.

“लावा, ताई,” केरबा म्हणाला.

आंबा आला की तो अंग चोरायचा. दगड दिसला की दोन्ही हात पसरून आडवा जायचा. वाकला, वळला, डाव्या अंगावर झुकला. बाकावर वस्ताद दगडासारखे स्तब्ध.

“अहो, आंबे घ्या, आंबे,” मृणाल सांगत राहिली.

केरबाच्या कपाळावरून घाम ओघळला. त्याचे उणे नऊ, वस्तादांचं शून्य.

तो बाकाशी आला. गुडघे करकरले, तरी खाली बसला. वस्तादांचा उजवा पाय मांडीवर घेऊन रगडू लागला.

मृणालच्या हातात गुण टिपायची नोंदवही तशीच होती.

“पण वस्ताद... हे तर हरले.”

वस्तादांनी डोळे मिटले होते.

“केरबा, आता डावा.”