हौसाईच्या शेळीच्या बांगड्या

हात राहू दे पदराखाली, घाई नाही. नुसतं ऐक. पोरांनो, तुम्हीपण बसा, आणि शेळीची शेपटी सोडा आधी.

फार वर्षांपूर्वी, माझ्या पणजीच्या पणजीला दुधाचे दात होते तेव्हा, ह्याच कुरणवाडीत हौसाबाई नावाची कासारीण होती. सगळं गाव तिला हौसाई म्हणायचं. डोक्यावर बांगड्यांची टोपली, मागे गंगी नावाची शेळी, आणि तोंडाला म्हणून कुलूप नाही.

बाकीच्या कासारणी हात दाबून दाबून बांगडी चढवायच्या, बायका कळवळायच्या. हौसाईची रीत निराळी. ती आधी हसवायची. ताठ हात बांगडी फोडतो, हसता हात मऊ पडतो, असं तिचं म्हणणं. बाई खुदकन हसली की बांगडी आत. असं म्हणतात, भरताना तिच्या हातून जन्मात एक बांगडी फुटली नाही. बायकांच्या घरी फुटलेल्या काचा ती मागून आणायची आणि ओल्या भिंतीत बसवून मोर करायची. गरिबाच्या पोरीला फुकट बांगड्या भरायची आणि वर दटावायची की कुणाला सांगितलंस तर बघ.

तिला एकच लेक, येसू. सतराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली. सासरी दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या होत्या, मनगटांवर ओरखडे होते. ती बोलेना, जेवेना. हात पदराखाली घेऊन उंबऱ्याशी नुसती बसून राहायची. हौसाईनं नकला केल्या, गोष्टी रचल्या, सगळं करून पाहिलं. अख्ख्या गावाला हसवणारी बाई आपल्या घरात हरली. महिन्याभरात पोर निम्मी झाली, आणि वैद्यबुवा म्हणाले, हिला जगायचंच नाही, माझं औषध काय करणार?

मग हौसाईनं ठरवलं, येसूला बांगड्या भरायच्या. गावात बोभाटा झाला. पाटील चार माणसं घेऊन अंगणात आले. विधवेच्या हाताला काच लागली तर ह्या गावात तुझी टोपली उतरू देणार नाही, असं त्यांनी बजावलं.

हौसाईनं टोपलीतून हिरव्यागार बांगड्या काढल्या, गंगीला जवळ ओढलं आणि एकेक करून तिच्या शिंगांवर चढवल्या. गंगीनं मान हलवली तशा त्या वाजल्या.

"पाटील," हौसाई म्हणाली, "हिचा बोकड गेल्या जत्रेला तुम्हीच जेवलात. नळीसुद्धा चोखायची सोडली नाहीत. म्हणजे ही पण विधवाच की. मग हिच्या बांगड्या फोडायला दगड कोण आणतंय?"

गंगीच डौलात पाटलांकडे गेली आणि त्यांच्या फेट्याचं सुटलेलं टोक चघळायला लागली. पाटील ओढतायत, गंगी ओढतेय, बांगड्या वाजतायत. उंबऱ्यावरून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. येसू हसत होती गं. हसू आवरेना म्हणून तिनं तोंडावर धरायला हात पदराबाहेर काढला, आणि आई त्याचीच तर वाट बघत होती. पापणी लवायच्या आत बांगड्या मनगटावर.

"बघ," हौसाई रडत रडत म्हणाली, "अजून सव्वादोनच्या मापाचाच हात आहे माझ्या बाळाचा."

असं म्हणतात, त्या घटकेला गावातल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या आपोआप वाजल्या. जात्यावरच्या, विहिरीवरच्या, शेतातल्यासुद्धा. हातातलं काम टाकून बायका अंगणात आल्या आणि हौसाईच्या मागे उभ्या राहिल्या, त्यात पाटलीणबाईसुद्धा. पाटील अर्धा फेटा गंगीच्या पोटात सोडून घरी गेले. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच विधवा बहिणीनं हौसाईपुढे हात केला, आणि त्यांनी तिला अडवलं नाही.

येसूनं पुढे साठ वर्षं तीच टोपली डोक्यावर वाहिली. आईइतकीच वाह्यात निघाली ती. असली आई ह्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाली असेल तर मला आणून दाखवा.

म्हणून आजही जत्रेच्या आदल्या दिवशी शेळीच्या शिंगांवर हिरव्या बांगड्या चढवतात. वर्षात ज्या घरचा धनी गेला, त्या अंगणात शेळी आणतात. जत्रेच्या पहिल्या बांगड्या त्या बाईला. जबरदस्ती नाही, ती हसली तरच. तोवर पालखी उठत नाही. बारा वर्षांपूर्वी एका बाईसाठी जत्रा तीन दिवस खोळंबली होती, देव देवळात ताटकळला होता.

ती बाई मीच. हे बघ माझे हात, तेव्हापासून एक दिवस मोकळे ठेवले नाहीत मी.

तेव्हा तुला हवा तेवढा वेळ घे, पोरी. आम्ही सगळे बसलोय इथं. अगं, शेळी तुझा पदर खातेय, तिकडे बघ.

हसलीस ना? आण तो हात इकडे.