न बोलावता गेलेली साळुंकी

एका जंगलात, जांभळीच्या ढोलीत, एक म्हातारी साळुंकी राहत असे. मुलांनो, त्या जंगलात प्रत्येक जमातीची आपापली शाळा होती. हरणांची वेगळी, माकडांची वेगळी, सशांची तर चक्क बिळात भरे! पण त्या चालवायच्या कोणी? ज्याचा आवाज मोठा तो मुख्याध्यापक, असा सगळा आनंदीआनंद. साळुंकीने मात्र उभा जन्म एकाच कामाला वाहिला होता : शाळा सांभाळणारे घडवायचे. दरवर्षी ती जमातीजमातीतले शिक्षक जांभळीखाली जमवी आणि बजावी, "संकट दिसलं की लगेच आपणच आरोळी ठोकू नका. हाताखालच्यांना ठोकू द्या. उद्या तुम्ही नसलात, तर पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

शिकून गेले ते गेले. साळुंकी थकली, जांभळीखाली शुकशुकाट झाला. ती रोज वाटेकडे डोळे लावून बसे. पान वाजले तरी तिला वाटे, आले कोणीतरी अडचण घेऊन! बघावे तर नुसता वारा. शेजारचा कावळा हिणवी, "गरज सरो नि वैद्य मरो, साळुंकीबाई! आता कोण विचारतंय तुम्हाला?" ती हसून दाखवी, पण आतून तिचा जीव तुटे. हरिणीची तर तिला फारच आठवण येई. सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी ती. निघताना ढसाढसा रडली होती आणि नंतर एकदाही फिरकली नव्हती.

शेवटी न राहवून साळुंकी आपणच उडत निघाली. नदीकाठच्या कुरणात पाडसांची शाळा भरली होती. हरिणी आता तिथली मोठी बाई. ती कडेला उभी होती आणि एक नवखी मास्तरीण पाडसांना वारा हुंगायला शिकवत होती. इतक्यात गवतातून बिबट्या सरकला. साळुंकीच्या अगदी घशाशी आरोळी आली. हरिणीचेही कान टवकारले होते, पण तिने नजर त्या मास्तरणीवरच खिळवून ठेवली. ते पाहून साळुंकीने चोच घट्ट मिटून घेतली. केवढा लांबलचक वाटला तो क्षण! मग मास्तरणीने नाक वर केले, खूर दाणकन आपटला, आणि पाडसे बघता बघता पसार झाली. बिबट्या बसला पंजे चोळत.

हरिणीने वर पाहिले. "अगबाई, बाई तुम्ही! कधी आलात?"

"आत्ताच. म्हटलं, तुझं काही अडलंबिडलं असेल तर विचारावं."

"छे हो बाई, काही म्हणजे काही अडत नाही!" हरिणी अभिमानाने म्हणाली.

हेच ऐकायला तर साळुंकीने जन्म घालवला होता. तरीही तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. हरिणी चपापली. मान खाली घालून म्हणाली, "अडलं तरच तुमच्याकडे यायचं, असं धरून चालले मी. चुकलंच माझं."

"चुकलं नाही गं," साळुंकी म्हणाली. "पण अडलं नाही, एवढं सांगायला तरी येत जा."

तात्पर्य : ज्या गुरूवाचून शिष्यांचे काही अडत नाही, त्याची विद्या फळाला आली असे समजावे; पण गुरूलाही आपल्या माणसांची ओढ असते, म्हणून काम नसतानाही त्याला भेटून यावे.