कोरडा परकर

अहो पाहुणे, शर्ट काढू नका! राहू द्या अंगावर. पाकीट, मोबाइल आणा इकडे, मी सांभाळते. बाकी आहात तसे उतरा. आमच्या तळ्यात कपडे काढून कुणी शिरत नाही. आणि बाई, तुम्ही त्या लाल दगडावर ओढणी घडी करून ठेवलीत ना, ती आधी उचला बघू. हसताय काय? बसा घटकाभर, ऐका. मग डुंबा हवं तेवढं.

हे गाव कोष्ट्यांचं. आता माग उरले नाहीत, पण एके काळी घरोघरी खटखट चालायची. असं सांगतात, की माझ्या आजीच्या आजीच्याही आधी इथे गोजरा नावाची विणकरीण होती. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, पदरात दोन पोरी. थोरली म्हाळसा दहा वर्षांची, धाकटी चिमी चारची. दिवसभर लोकांची लुगडी विणायची आणि पोरींना मात्र ठिगळं लावलेलं नेसवायचं. काय करणार बाई एकटी?

एका वैशाखात तिनं उरल्यासुरल्या सुतातून म्हाळसेसाठी लाल परकर विणला. पोरीच्या जन्मातलं पहिलं कोरं वस्त्र. पण रंग होता कच्चा, पाणी लागलं की उतरणारा. गोजरा बोलायला फटकळ. म्हणाली, "भिजवलास तर घरात घेणार नाही, सांगून ठेवते." आया काय, बोलतात आणि विसरतात. पोरं विसरत नाहीत.

म्हाळसा जुन्या परकरावरच नवा चढवून, चिमीचा हात धरून तळ्यावर मिरवायला आली. भर दुपार, काठावर चिटपाखरू नव्हतं. ती पाण्यात वाकून परकराचा घेर बघत होती, तेवढ्यात शेवाळावरून चिमीचा पाय घसरला. म्हाळसा पट्टीची पोहणारी होती हो! उडी टाकली असती तर क्षणात वर काढली असती. पण अंगावर नवा परकर होता. तिनं नाडी सोडायला घेतली. गाठ बसली होती, ती दातांनी सोडवली. परकर उतरवला, घडी केली, या दगडावर ठेवला आणि मग उडी घेतली.

तेवढा उशीर पुरला.

गोजरा मागावर बसली होती. दारात थोरली उभी, खांद्यावर धाकटी, दोघींच्या अंगातून पाणी निथळतंय. काखेत लाल घडी. थोरली म्हणे एवढंच बोलली, "आई, परकर नाही भिजवला."

गोजरा त्या दिवसानंतर लेकीला एक वाकडा शब्द बोलली नाही. पण पोर पाण्याला भ्यायली ती भ्यायलीच. घागर उचलताना थेंब उडाला तरी "आई, भिजलं ग," म्हणून हात जोडायची. आईनं पोटाशी धरावं, तर अंग आखडून घ्यायची. एक पोर पाण्यानं नेली आणि दुसरी माझ्या जिभेनं, असं गोजरा येईल त्याला सांगायची.

वर्ष भरलं त्या दिवशी तिनं म्हाळसेला तोच परकर नेसवला, तळ्यावर आणून या दगडावर उभं केलं आणि स्वतः नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली. बाई जीव देते, असं वाटून शेजारचे विणकर मागावरून उठून धावले, धोतर-पागोट्यासकट उड्या टाकल्या. गोजरा छातीभर पाण्यात उभी. म्हणाली, "मरत नाही रे. भिजतेय." आणि दोन्ही हातांनी त्यांच्यावर पाणी उडवायला लागली. पागोटं सुटून तरंगायला लागलं. ते बघून काठावरची पोरं खिदळली, धडाधड पाण्यात पडली. म्हाळसा मात्र दगडावर घेर आवळून उभी.

"ये ग माझे बाई," गोजरा म्हणाली. "भिजव तो परकर. मी चुकले."

एकेक पायरी करत पोर उतरली. भोवतीचं पाणी लाल झालं. आधी ती ओक्साबोक्शी रडली. मग कुणीतरी तोंडावर पाणी मारलं आणि वर्षानं हसली. गोजरानं तिला उराशी धरलं, आणि दोघींना कळेना की रडतोय का हसतोय. वर आल्यावर म्हाळसा या दगडावर बसली, तिच्या परकराचा रंग दगडात मुरला म्हणे. खरंखोटं तळ्याला ठाऊक.

आजही वैशाखात त्या दिवशी सगळा गाव अंगावरच्या कपड्यांनी पाण्यात उतरतो. आधी आया, मग लेकरं. दंगा बघाल तर कान किटतील. पण या दगडावर कुणी कपडा ठेवत नाही. आणि पोर निथळत घरी आलं, की दारात उभं राहून म्हणतं, "आई, भिजवले ग कपडे." माझी आई भारी खाष्ट होती हो, एरवी चिखलाचा डाग दिसला तरी फोडून काढायची. पण त्या दिवशी तीही उंबऱ्यात यायची, ओल्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "बरं केलंस बाई. ये घरात."