कवडीशेटच्या दुकानातली भवानी

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. हसू नका. जन्मापासून तो तसा नव्हता. बारा वर्षांपूर्वी तो कवडीशेट नावाच्या जादूगाराच्या दुकानात गेला, युद्ध जिंकून देणारी तलवार त्यानं एका कवडीला विकत घेतली, आणि दारातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या जिभेवरचा 'नाही' आतच राहिला. तलवार चांगली निघाली, युद्धही जिंकलं. पण तेव्हापासून जो जे मागेल त्याला राजा 'बरं' म्हणू लागला. चोर म्हणाला, मला सोडा. राजा म्हणाला, बरं. कवडीशेट म्हणाला, राज्यातली बाकीची दुकानं बंद करा. राजा म्हणाला, बरं. मग राज्यात दुकान उरलं एकच.

त्या दुकानाला सात मजले होते. आत शिरायला सात दारं होती, बाहेर पडायला एक. दारावर पिंजरा टांगलेला, पिंजऱ्यात साळुंकी, आणि ती दिवसभर ओरडायची, "काहीही घ्या, एक कवडी. काहीही घ्या, एक कवडी."

साळुंकी खोटं बोलत नव्हती. सांगितलेली किंमत खरोखर एक कवडीच. पण आपण दुकानात कसे बोलतो ते ठाऊक आहे ना? फार विचारलं तर चिक्कू म्हणतील, चारचौघांत शोभा होईल, म्हणून कवडी पुढे सरकवतो आणि भिडेखातर म्हणतो, "काय होतील ते घ्या." या चार शब्दांची कवडीशेट वाट बघत बसायचा. ते सुटले की बाकीचं तो घ्यायचा. पुडी बांधल्याची बांधणावळ म्हणून कुणाची झोप, तोलल्याची तोलाई म्हणून कुणाची सावली, दारातून बाहेर सोडल्याची दारावळ म्हणून कुणाच्या तोंडाची चव. काय गेलं ते घरी पोचल्यावर कळे. आवळा देऊन कोहळा काढणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण या मेल्यानं माणसांचे गरच काढून नेले.

त्याच राज्यात भिवरा नावाची एक भडभुंजीण राहायची. चणे भाजावे, फुटाणे विकावे, हा तिचा धंदा. आधी भाव सांगायचा आणि मगच माप भरायचं, असा तिचा शिरस्ता. गिऱ्हाईक म्हणे, "अगं, भर तर खरी." ती म्हणे, "आधी ऐका, मग भरते." दुकानं बंद झाली तशी तिची भट्टीही थंडावली, शेजारपाजारचे चणे भाजून देऊन ती पोट भरू लागली. नवरा मागेच वारला होता. पदरात एक मुलगी, सात वर्षांची राही. भिवराचं सगळं जग म्हणजे ती पोर.

राहीला ताप आला. नऊ दिवस उतरेना. वैद्य म्हणाला, "निळ्या वेलीची मुळी मिळाली तर वाचेल, आणि ती आता एकाच ठिकाणी मिळते." भिवरा तशीच अनवाणी धावली. कवडीशेट गादीवर बसला होता, गोरा, गुबगुबीत, बोलायला लोण्यासारखा. मागच्या फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या.

"या बाई. मुळी ना? एक कवडी."

भिवराच्या डोळ्यांपुढे पोरीचं तापलेलं कपाळ. ती म्हणाली, "शेट, काय होतील ते घ्या, पण पुडी आत्ता द्या."

जन्मभर भाव आधी सांगणारी बाई, आणि तिनंच असं म्हणावं. मला तिचा राग येतो. पण तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

मुळी उगाळून पाजली. संध्याकाळच्या आत ताप उतरला. राहीनं डोळे उघडले, उशाशी बसलेल्या भिवराकडे पाहिलं, आणि अंग चोरून घेतलं.

"तुम्ही कोण?" ती म्हणाली. "माझी आई कुठंय?"

दारावळ म्हणून कवडीशेटनं आईची ओळख घेतली होती. राहीला शेजारीणबाई ठाऊक, मांजर ठाऊक, घर ठाऊक, फक्त आई ठाऊक नाही. भिवराच्या हातचा घास ती घेईना. शेजारीण भरवी तेव्हा जेवे. दुपार झाली की उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघे आणि भिवरालाच विचारी, "बाई, माझी आई कधी येणार हो?" आणि भिवरा म्हणे, "येईल हं." दुसरं काय म्हणणार ती?

चार दिवस हे सोसून भिवरानं राहीला शेजारणीकडे सोपवलं, ओळख मिळाल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवलं, आणि ती दुकानात परत गेली. तक्रार ऐकायला तिथं तीन खिडक्या होत्या, आणि तिन्हींत एकच करड्या मिशांचा कारकून बसायचा. एक खिडकी बंद करून तो दुसरीत येईपर्यंत सात महिने जात.

सात महिन्यांनी पहिली खिडकी उघडली आणि तो म्हणाला, "पुडीचा कागद आणा. कागदाशिवाय ऐकत नाही."

कागद भिवरानं नदीत टाकला होता. ती नदीकाठानं एकोणीस दिवस चालत राहिली. विसाव्या दिवशी एका तांबड्या खेकड्याच्या बिळात कागद दिसला. खेकड्यानं त्याचं दार केलं होतं.

"दादा, हा कागद देशील? काय घेशील ते आधी सांग."

"मूठभर फुटाणे."

"आणि?"

"आणि काही नाही. माझ्या दोनच नांग्या आहेत, जास्त कुठं धरू?"

दुसऱ्या खिडकीत कारकून म्हणाला, "राजाचा हुकूम आणा."

राजवाड्यापुढे मागणाऱ्यांची रांग डोंगरापर्यंत गेली होती. तीन महिने उभी राहिल्यावर भिवराचा नंबर लागला. राजाचा चेहरा उतरलेला होता. त्यानं हुकूम लिहिला आणि हळूच म्हणाला, "घे बाई. पण हा हुकूम मानू नका, असं कवडीशेट उद्या मागेल, तेव्हाही मी बरंच म्हणेन."

तिसऱ्या खिडकीत कारकुनानं कागद ठेवून घेतला, हुकूम ठेवून घेतला, आणि म्हणाला, "माल परत करा. माल दिल्याशिवाय घेतलेलं परत मिळत नाही."

"मुळी पोरीच्या पोटात गेली. आता कुठून देऊ?"

"मग तिचा ताप परत घ्या. ताप चढला की ओळख येईल."

"आणि ताप उतरवायला?"

"मुळी आहे की," कारकून म्हणाला. "एक कवडी." आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

भिवरा पायरीवर बसली. खरं सांगतो, क्षणभर तिनं तसा विचार केला. पोर तापानं फणफणेल, पण एकदा 'आई' म्हणून हाक मारेल. मग तिला स्वतःचीच शिसारी आली आणि ती तोंडात पदर कोंबून रडली. घर सोडून दोन वर्षं व्हायला आली होती. पोर जिवंत आहे, हसते आहे, शेजारणीच्या मांडीवर झोपते आहे. तेवढ्यावर समाधान मानावं, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना.

"बाई," डोक्यावरून साळुंकी म्हणाली, "बारा वर्षं मी अर्धंच वाक्य ओरडते आहे. माझा गळा त्या उरलेल्या अर्ध्यानं दुखतो. तुला एक सांगू?"

"काय घेशील ते आधी सांग."

"काही नको. कवडीशेटची विद्या न बोललेल्या भावावर जगते. या दुकानात एक, फक्त एक सौदा सरळ झाला, सगळा भाव तोंडानं सांगून, समोरच्यानं कबूल होऊन, तर ती विद्या मरेल. न सांगता घेतलेलं सगळं ज्याचं त्याच्याकडे जाईल. सांगून घेतलेलं मात्र तसंच राहील."

"तो सगळा भाव कशाला सांगेल?"

"दिवसाची पहिली विक्री, भवानी, त्यालाही चुकत नाही. भवानीच्या गिऱ्हाइकाला त्याला हाकलता येत नाही, त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, आणि ती भवानी झाल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक घेता येत नाही."

"मग बारा वर्षांत कुणीच कसं विचारलं नाही?"

"विचारायला तोंड उघडतात," साळुंकी म्हणाली. "पण मागे रांग असते."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार उघडलं, तेव्हा उंबऱ्यावर पहिली भिवरा होती. मागे शे-दोनशे माणसं. ती गादीपुढे जाऊन मांडी घालून बसली आणि फळीवरच्या एका बरणीकडे तिनं बोट दाखवलं. आत पिवळसर उजेड होता, आणि त्यात तिचाच चेहरा दिसत होता, राहीला दिसायचा तसा.

"ती बरणी हवी. सगळं धरून किती?"

"बरणीची एक कवडी," कवडीशेट म्हणाला.

"ती झाली एक कवडी. सगळं धरून किती?"

"बाई, सकाळची वेळ आहे. कवडी ठेवा आणि बरणी न्या."

"नेते. सगळं धरून किती?"

ऊन पायरीवर आलं. मागून कुजबुज सुरू झाली. "एका कवडीसाठी केवढी घासाघीस." "परवडत नाही तर यावं कशाला माणसानं?" एक उंच बाई पुढे येऊन म्हणाली, "अहो, उरका की. आमची पोरं घरी खोळंबलीत." ज्यांची झोप गेलेली, सावली गेलेली, चव गेलेली, तीच ही माणसं, आणि डाफरत होती भिवरावर. लुटणाऱ्याला अहो-जाहो आणि विचारणाऱ्याला शिव्या. ही आपली जुनीच खोड आहे. भिवराची मान लाजेनं खाली गेली, कानशिलं तापली. पण ती उठली नाही.

कवडीशेट म्हणाला, "बरं, फुकट न्या."

"फुकटाचं जास्त महाग पडतं, शेट. भाव सांगा."

ऊन डोक्यावर आलं. दुकानात एक विक्री नाही. फळ्यांवरच्या बरण्यांतला उजेड मंदावू लागला, आणि कवडीशेटचे गुबगुबीत गाल रिकाम्या पिशवीसारखे लोंबू लागले. शेवटी तो पुढे वाकला. आवाजातलं लोणी संपलं होतं.

"ऐकायचंच आहे ना? ऐक तर. असा भाव सांगतो की तू आपल्या पायांनी उठून जाशील. मग ते हाकलणं होत नाही, आणि उद्या मी दुसरी भवानी करीन."

"सांगा."

"एक कवडी बरणीची. बांधणावळीला तुझा उजवा डोळा. दारावळीला डावा. तोलाई माफ. झालं. यापुढे काही नाही."

उंच बाईनं तोंडावर हात ठेवला.

भिवराला भीती वाटली, फार वाटली. दोन वर्षं तिनं पोरीला पाहिलं नव्हतं, आणि आता पाहायची होती ती फक्त आठवणीत. ती म्हणाली, "मी जाऊ दिलं तर राही मला ओळखणार नाही, आणि मी मात्र तिला रोज बघेन. हे घेतलं तर ती ओळखेल, आणि मी बघणार नाही. इतकंच ना?"

"इतकंच."

"भाव कळला. कबूल आहे." तिनं कवडी गादीवर ठेवली. "घ्या."

कवडीशेटनं हात मागे ओढले. पण भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. भिवरानं बरणी उचलून छातीशी धरली, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. त्याच क्षणी फळ्यांवरच्या बरण्या तडातड फुटल्या. झोप निघाली, सावल्या निघाल्या, चवी निघाल्या, आणि सातही दारांतून आपापल्या माणसांकडे गेल्या. रांगेतला एक म्हातारा तिथंच भिंतीला टेकून झोपला, बारा वर्षांनी. कुणी त्याला उठवलं नाही.

कवडीशेट अनवाणी राजवाड्याकडे पळाला आणि राजाच्या पायांवर पडला. "महाराज, मला अभय द्या."

राजानं तोंड उघडलं. ओठ जरा चाचपडले. मग तो म्हणाला, "नाही."

कवडीशेटला त्याच दिवशी राज्याबाहेर घालवलं. दुकानाच्या सात मजल्यांत सातशे दुकानदारांनी दुकानं मांडली. तक्रारीच्या तिन्ही खिडक्या राजानं उखडून टाकल्या. साळुंकी पिंजरा सोडून गेली, कुठं ते मला ठाऊक नाही.

तुम्ही विचाराल, सगळ्यांचं सगळं परत आलं, मग भिवराचे डोळे का नाही आले? सांगून घेतलं होतं, तिनं कबूल केलं होतं. सरळ सौदा म्हणतात तो हाच. मलाही तो आवडत नाही, पण त्यात मी बदल करू शकत नाही.

ती उंच बाई भिवराचा हात धरून तिला घरापर्यंत घेऊन आली. अंगणात पावलं वाजली, उंबऱ्यावर कुणीतरी झटकन उठलं, आणि भिवराच्या कमरेला दोन हातांची मिठी बसली.

"आई," राही म्हणाली. "किती गं उशीर केलास."

भिवरानं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. कपाळ, नाक, ओल्या पापण्या. पुढचा दात पडून नवा आला होता, तोही बोटाला लागला.

"मी केवढी उंच झालेय, आई. बघ ना. माझ्याकडे बघ ना."

भिवरानं तिला जवळ ओढून सरळ उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तसाच आडवा आपल्या अंगाशी आणून टेकवला. बरगड्यांच्या जरा वर लागला.

"बघितलं," ती म्हणाली. "इतकी झालीस."