घाम न फुटणारी नळी

फार जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दोन कुंभार भाऊ राहत होते. लहानांनो आणि थोरांनो, त्यांची नावं कुणी जपली नाहीत. आपण त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू.

थोरल्याचं मडकं म्हणजे मडकं! ऐन वैशाखात त्यातलं पाणी प्यायलं की दात शिवशिवत. जत्रेत पहिला मान त्याच्याच मडक्याचा. ते वाजतगाजत देवळात जाई. धाकटा माती तुडवी, गाढवावर मडकी लादून बाजाराला नेई आणि कुणी विचारलं नाही तरी सांगे, "माझ्या दादाच्या हातचं आहे."

पुढे नदी आटू लागली. राणीने ठरवलं की डोंगरातल्या झऱ्याचं पाणी भाजक्या मातीच्या नळ्यांतून गावात आणायचं. त्यासाठी दूरदेशीची एक म्हातारी कारागीर आली आणि नळ्या घडवायला शिकवण्यासाठी तिने गावाबाहेर मांडव घातला. तिचा नियम एकच होता. शिकायला येणाऱ्याने आपली थापी, म्हणजे मडकं ठोकून घडवायची लाकडी फळी, दाराशी ठेवायची आणि रांगेच्या शेवटी बसायचं. मग तो कुणीही असो.

थोरल्याची थापी त्याच्या वडिलांची होती. ती घेऊन तो त्या दारापर्यंत गेला आणि काखेत मारून परत आला. दुसऱ्यांदा गेला, तसाच परत आला.

धाकट्याला हे कळलं तेव्हा तो उसळला. "दादा, डोकं फिरलंय का तुझं? केस पिकायला लागले, आता पोरासोरांच्या मागे बसणार? जत्रेचा मान कुणाला देणार?"

"मडकं पाणी साठवतं रे," थोरला म्हणाला. "नदीतच पाणी नसेल तर साठवायचं काय?"

"मग जा की! परत कशाला आलास?"

"भीती वाटली. इथे मी डोळे मिटूनही मडकं घडवतो. तिथे मला काहीच येत नाही."

"तेच म्हणतोय मी!"

"पण काम उरकलं की माझे पाय रोज तिकडेच वळतात. त्यांना काय सांगू?"

धाकटा पाय आपटत मातीच्या ढिगाकडे गेला. दुसऱ्या दिवशी थोरल्याने थापी दाराशी ठेवली आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन बसला.

त्याने पहिली नळी केली. दिसायला अशी सुबक, की म्हातारीनेही ती वळून पाहिली. मग नळीचं एक तोंड बंद करून तिच्यात पाणी भरलं. थोड्याच वेळात नळी बाहेरून ओली झाली आणि टपटप गळू लागली.

"काकांच्या नळीला घाम फुटला!" पुढचा पोरगा ओरडला. मांडवभर हशा झाला.

नेमका तेव्हाच धाकटा गाढव घेऊन वाटेने चालला होता. तो तीरासारखा आत शिरला, त्याने नळी उचलली आणि दाणकन जमिनीवर आपटली. "हसता कुणाला? चल दादा, घरी चल!"

थोरला उठला नाही. त्याने एक तुकडा उचलून उन्हात धरला आणि मग तो हसायलाच लागला.

"बरं झालं फोडलीस. इकडे ये, हे बघ. बारीक बारीक भोकं. सवयीने मी मातीत लीद आणि राख कालवली. भट्टीत लीद जळाली आणि तिच्या जागी भोकं उरली."

"मग? मडक्यात तेच लागतं!"

"मडक्यात लागतं. पाझरतं म्हणून तर पाणी गार होतं. जन्मभर मी पाणी पाझरवायला शिकलो, बाबा. ते कुठून निसटतं हे माझ्याइतकं इथे कुणाला ठाऊक आहे? आता तेवढ्या वाटा बुजवायच्या."

त्या दिवसापासून म्हातारी थोरल्याच्या शेजारी येऊन बसू लागली. तो माती वस्त्रगाळ करी, मुरवी, सावलीत सुकवी. फुटल्या तर पुन्हा करी. हळूहळू त्याच्या नळ्या कोरड्या राहू लागल्या. शेवटी म्हातारीने सगळ्यात अवघड काम त्याला दिलं. खोल दरीतून जाणाऱ्या नळ्या! तिथे पाण्याचा जोर असा, की बाकीच्यांच्या नळ्या टिकतच नव्हत्या.

त्याने त्या सगळ्या नळ्या केल्या. त्या दरीत पुरायचं काम चालू असतानाच त्याला ताप भरला, आणि पाणी यायच्या आधीच तो गेला.

धाकट्याने घरातली मडकी फोडली. म्हातारीला तोंडाला येईल ते बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दाराशी ठेवलेली थापी त्याच्या हातात दिली. "नळ्यांवर माती ओढायची राहिली आहे," ती म्हणाली. "त्याआधी पाणी सोडून बघायचं आहे. दुसऱ्या कुणी बघावं असं मला वाटत नाही."

पाणी सुटलं. धाकटा दरीत उतरला आणि प्रत्येक नळीवर तळहात ठेवत चालू लागला. आत पाणी घोंघावत होतं, नळ्या थरथरत होत्या. दरीच्या दुसऱ्या टोकाला पोचून त्याने तळहात पाहिला. कोरडा! एक थेंब नाही.

वर गावच्या हौदावर बायका घागरी घेऊन जमल्या होत्या. एका पोरीने विचारलं, "काका, दरीतल्या नळ्या कुणी केल्या?"

"माझ्या दादाने," धाकटा म्हणाला. त्याची मान ताठ होती. "मडकीवाला होता तो."

म्हणून सांगतो, नवं काम धरल्याने आधीची विद्या वाया जात नाही, पण ती कामाला यायची तर रांगेच्या शेवटी बसायची लाज सोडावी लागते.