वारुळाएवढी उंची

फार जुन्या काळी एका टेकडीवरच्या सागांनी आपसांत ठरवलं होतं, की तिथल्या वारुळापेक्षा उंच कुणी व्हायचं नाही. त्यामुळे सगळ्यांना सारखं ऊन मिळे.

एका उन्हाळ्यात पानं गळाली आणि साग झोपी गेले. धाकट्या सागाला मात्र झोप येईना. ‘बाकीचे शब्दाला जागले, तर वीतभर वाढून मला जास्त ऊन मिळेल. ते वाढले, तर न वाढता मी सावलीत मरेन. म्हणजे कसंही झालं तरी वाढलेलंच बरं.’ तो गुपचूप वीतभर वाढला.

पालवी फुटल्यावर त्याने ओशाळून आजूबाजूला पाहिलं आणि तो थिजलाच. सगळेच वीतभर वाढले होते.

“दादा, तूसुद्धा?” त्याने थोरल्या सागाला विचारलं.

“तू वाढशील अशी भीती वाटली रे,” थोरला म्हणाला.

ऊन पूर्वीइतकंच मिळालं. पण आता थांबायची कुणाची छाती होईना. दरवर्षी सगळेच वाढत गेले.

मग एके सकाळी लाकूडतोडे आले. पूर्वी या खुरट्या झाडांकडे ते ढुंकूनही पाहत नसत.

“काय सरळसोट खोडं आहेत,” त्यांच्यातला एक जण म्हणाला.

धाकट्या सागाने खाली वारुळाकडे पाहिलं.

त्या टेकडीवर आता ऊनच ऊन आहे. आणि सगळ्यांत उंच आहे ते वारूळ.