बाजेचा बोळ

वणखेडच्या कोष्टी आळीत, घरांच्या दोन ओळींमधून नदीकडे उतरणारा हा बोळ पाहा. एकाही दाराला ओटा नाही, एकही पायरी पुढे आलेली नाही. दाराबाहेर काही बांधायचे नाही आणि मधली पन्हळ ज्याने त्याने आपल्या दारापुरती उपसायची, हा इथला कायदा. तो कुठल्या कचेरीने केलेला नाही. तो गिरजाबाईने केला, असे सांगतात.

गिरजाबाई विणकराची विधवा. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला उजेड हवा, म्हणून तिने दाराबाहेर ओटा घातला. "हातभर ओट्यानं कुणाचं काय अडतंय?" ती म्हणाली, आणि ते पटण्यासारखेच होते. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये म्हणतात, पण इथे ओळीने वासरे पडली. समोरच्याने दीड हात ओटा घातला, शेजाऱ्याने पायऱ्या काढल्या. बोळात दोन माणसे समोरासमोर आली की एकाने भिंतीला चिकटायचे.

पुढे तिची एकुलती एक लेक गोदू बाळंतपणाला माहेरी आली आणि एका सकाळी अडली. सुईणीने हात टेकले. "नदीपल्याडच्या वैद्याकडं न्या, आत्ताच्या आत्ता!" चौघांनी तिला बाजेसकट उचलले. बाहेर धुके इतके दाट, की पुढच्याला मागचा दिसेना. दाराबाहेर वळवताना बाज अडकली. कशाला अडकली, ते गिरजाबाईने हाताने चाचपले. तिचाच ओटा होता.

तिने पहार आणली. "थांब गं बाई, थोडी थांब," असे लेकीला म्हणत ती घाव घालत होती. ओटा फुटला, बाज वळली. आणि पुढे म्हणे एकेक भिंत अंग चोरून उभी राहिली. बाज कुठेच घासली नाही. आता भिंती कुठल्या अंग चोरतात! घराघरांतून पहारी चालल्या असणार. पण बाजेमागून जाणाऱ्या गिरजाबाईला दिसले ते एवढेच, की धुक्यात बोळ उघडत चालला आहे आणि गोदू डोळे मिटून तरंगत पुढे जाते आहे.

वैद्याने नात वाचवली. गोदू गेली. ओटा फोडण्यात गेला तेवढाच वेळ कमी पडला, असे गिरजाबाई मरेपर्यंत म्हणत राहिली.

आजही मार्गशीर्षात पहिले धुके पडले, की रिकामी बाज या बोळातून नदीपर्यंत नेतात. ती जिथे अडेल, तिथल्या घरधन्याने स्वतः पहार घ्यायची. त्या नातीच्या वंशातल्या अनसूयाबाई उंबऱ्याआत जमिनीवर बसून कांड्या भरतात. "ओटा का नाही घालत? हातभर तर जागा लागेल," असे पाहुण्याने म्हटले, की त्यांचा हात थांबतो.

"तेवढ्यानंच गेली," त्या म्हणतात.